सोमवारची निळी गोळी

पोटापाण्यासाठी काय करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, "प्रश्न तयार करते." यावर आमच्या शेजारच्या काकांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "म्हणजे पेपर फुटतात ते तुझ्याकडूनच काय गो?" तेव्हापासून वाडीत माझी तीच ओळख झाली आहे. परीक्षा जवळ आल्या की पोरं माझ्याकडे उगाच जास्त आदराने बघतात.

खरं तर माझं काम पुरावे धुंडाळायचं. कुणाला तरी लोकांच्या आरोग्याबद्दल काही निर्णय घ्यायचा असतो. त्या विषयावर जगभर कोणकोणते अभ्यास झालेत ते शोधायचे, पारखायचे आणि त्यातून काय निघतं ते साध्या भाषेत सांगायचं. रीतसर करायला गेलं तर वर्ष सहज जातं. पण निर्णय घेणाऱ्याला तेवढा दम नसतो, त्याला महिन्याभरात हवं असतं. मग शोधाचा परीघ आखून घेऊन, काही पायऱ्या गाळून, पण गाळल्या हे उघड सांगून, तीन-चार आठवड्यांत जे करतात तो जलद आढावा. माझा नवरा त्याला 'पी हळद नि हो गोरी' म्हणतो. म्हणू दे. रत्नागिरीत घरात बसून, भाट्याची खाडी बघत बघत मी हे काम करते आणि मला ते जाम आवडतं.

या कामात बाकी सगळी घाई चालते, फक्त प्रश्न ठरवताना चालत नाही. प्रश्न चुकला की पुढचे तीन आठवडे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून मी आधी प्रश्नावरून भांडते. जगाला उत्तरांवरून राग येतो, मला प्रश्नांवरून येतो. स्वभावाला औषध नाही.

मागे एकदा असाच राग आला होता. एका सरकारी कार्यालयातल्या डॉक्टरांचा मेल आला. माणूस मूळचा खेडचा, वयाने माझ्याहून लहान, कामाला वाघ, पण सदा घाईत. शाळेतल्या मुलींना रक्तवाढीसाठी आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, तो विषय त्यांच्याकडे होता. त्यांनी मला आढाव्यासाठी प्रश्न पाठवला होता: 'किशोरवयीन मुलींची गोळ्यांबाबतची उदासीनता दूर करण्यासाठी शिक्षकांचे समुपदेशन-कौशल्य कसे वाढवावे?'

कपाळ माझं! हा काय प्रश्न झाला? हा तर निकाल. मुली उदासीन आहेत हे ठरलं, शिक्षकांना समजावता येत नाही हेही ठरलं. आता मी फक्त शिक्षा किती ते शोधून द्यायचं.

मी फोन लावला. "डॉक्टर, मुली उदासीन आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडम, डोळ्यांनी बघितलंय. एका शाळेत तपासणीला गेलो तर मागच्या गडग्यात, दगडांच्या फटीफटीत निळ्या गोळ्या. खच पडलेला! लहान वर्गातल्या मुली बिनबोभाट घेतात, नववी-दहावीच्या घेत नाहीत. मोठ्या झाल्या की शेफारतात. कळतं पण वळत नाही. आणि ज्या बाईंकडे गोळ्यांचं काम आहे त्यांचं लक्ष नाही. नोटीस काढलीये मी त्यांना."

"कुठली शाळा?"

त्यांनी शाळा सांगितली आणि मी खुर्चीत सरळ बसले. ती माझीच शाळा. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, डोंगराच्या बाजूला. आणि नोटीस मिळालेल्या बाई म्हणजे मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या बाई.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक कागद भरावा लागतो. या विषयात तुमचं कुणी गुंतलंय का, तर ते आधीच लिहून द्यायचं. मी लिहून दिलं: 'नोटीस मिळालेल्या शिक्षिका माझ्या गुरू आहेत. माझा त्यांच्यावर जीव आहे.' डॉक्टर म्हणाले, "जीव आहे वगैरे लिहायची गरज नव्हती." मी म्हटलं, "राहू दे. खरं आहे."

त्याच आठवड्यात बाईंना भेटायला गेले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिक्षकखोलीत बसवलं आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. नोटिशीला उत्तर. 'माझ्याकडून हलगर्जी झाली असल्यास मी या कामाची जबाबदारी सोडत आहे.' खाली सही करायची तेवढी बाकी होती.

"बाई, हे काय?"

"काय म्हणजे काय? पस्तीस वर्षं झाली गो मला या शाळेत. शिपाई ती नोटीस घेऊन आला तो थेट दहावीच्या वर्गात. पोरींदेखत मला म्हणतो, इथे सही करा, हलगर्जीची नोटीस आहे. मी सही केली आणि पुढे प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. काय शिकवलं देव जाणे." बाईंनी कागद परत पर्समध्ये ठेवला. "मी पोरींसमोर स्वतः गोळी घेते दर आठवड्याला. आणखी काय करायचं मी? त्यांना नको वाटत असेल माझ्या हातून, तर घेऊ देत दुसऱ्या कुणाच्या हातून."

मला इतका राग आला म्हणून सांगू! चोर सोडून संन्याशाला फाशी. पण चोर कोण ते मलाही माहीत नव्हतं. बाई माझ्या म्हणून त्यांची चूक नाही असं धरून चालणं म्हणजे डॉक्टरांनी केलं तेच उलट्या बाजूने करणं. एवढंच म्हटलं, "बाई, सही करू नका एवढ्यात. आधी प्रश्न ठरू दे." डॉक्टरांनाही मी गळ घातली आणि आढावा होईपर्यंत उत्तराची मुदत वाढवून घेतली.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांच्या कार्यालयात बैठक बसली. डॉक्टर, मी, बाई आणि खाडीकडच्या एका उर्दू शाळेतल्या मॅडम, कारण त्यांच्याकडच्या मुली गोळ्या व्यवस्थित घेत होत्या. फळ्यावर मी चार घरं आखली. कोणासाठी? काय करायचं? कशाच्या तुलनेत? आणि काय बदललेलं बघायचं? चारही घरं नीट भरली की प्रश्न आपोआप उभा राहतो.

पहिल्या घरात डॉक्टरांनी लिहिलं, 'शिक्षक'.

मी पुसलं. "गोळी शिक्षकांनी गिळायची आहे का?"

"बरं, मुली," असं म्हणून त्यांनी हसत खडू माझ्या हातात दिला. पण दुसऱ्या घरावर परत अडले. त्यांना 'समुपदेशन' लिहायचं होतं. मी म्हटलं, मुली गोळी का घेत नाहीत हे कळल्याशिवाय त्यांना काय समजावणार? त्यांनी कपाटातून फॉर्मांचा गठ्ठा काढला. मुलींकडून भरून घेतलेले. चव आवडत नाही का? घरचे नको म्हणतात का? उपास किंवा धार्मिक कारणामुळे गोळी नाकारता का? सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही'.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "कारण काहीच नाही. म्हणजे उदासीनताच."

उपासाचं 'नाही' मला तेव्हा खटकलंही नाही. का खटकावं? औषधाला उपास नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. बाईंनीही मान डोलावली, "उपासाचं कारण नाहीच. औषध चालतंच की."

दुपारी शिपाई खायला घेऊन आला. सोमवार, त्यामुळे डॉक्टरांना, बाईंना आणि मला साबुदाण्याची खिचडी. उर्दू शाळेच्या मॅडमना बटाटेवडा. दुसऱ्या घरावर अडल्यामुळे तिसरं, तुलनेचं, रिकामंच होतं. खाता खाता मी मॅडमना सहज विचारलं, "तुमच्याकडे वर्षभर सगळ्या घेतात? एकदाही खंड नाही?"

"रमजानमध्ये अडचण येते ना," त्या म्हणाल्या. "आमच्यात रोजा असताना दिवसा गोळी चालतच नाही. मग त्या महिन्यात मी गोळी घरी देते. आयांना सांगते, इफ्तारीनंतर पोटभर जेवली की द्या, रिकाम्या पोटी देऊ नका, मळमळतं. तुमचं बरं आहे बाबा, उपासाला औषध चालतं!"

माझा चमचा तोंडाशी थांबला. त्यांच्या उपासात गोळी चालत नाही, म्हणून त्यांना उपासाचा विचार करावा लागला. आमच्या उपासात ती चालते, म्हणून आम्ही तिघं सोमवारची खिचडी खात बसलो होतो आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"बाई," मी म्हटलं, "शाळेत गोळीचा वार कुठला?"

"सोमवार. दुपारच्या सुट्टीनंतर."

"सोमवारी शाळेत तुम्ही काय खाता?"

"अगो, उपास असतो ना. चहा. आज इथे खिचडी आहे म्हणून, नाहीतर संध्याकाळीच सोडते मी."

"आणि गोळी घेतल्यावर?"

"गोळीचं काही नाही. फक्त पाचव्या तासाला माझं पित्त उसळतं. दर सोमवारी. वयच झालं आता माझं, काही..." आणि बाई थांबल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग खिचडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अगो बाई!"

उर्दू शाळेच्या मॅडमना हसू आवरेना. मग बाई हसल्या, मीही हसले. डॉक्टर मात्र डोकं धरून बसले होते. "आठवीपर्यंत शाळेत जेवण शिजतं," ते हळूच म्हणाले, "आणि लहान मुली उपास करत नाहीत."

"थांबा," मी म्हटलं, कारण सगळ्यांत जास्त घाई आता मलाच झाली होती. "एका बाईंचं पित्त म्हणजे पुरावा नव्हे. मुलींना विचारू दे."

मंगळवारी सकाळची एसटी पकडून मी शाळेत गेले. बाईंना म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यासमोर त्या बोलायच्या नाहीत. दहावीच्या वर्गात गेले. गोळी का घेत नाही, हे विचारलंच नाही. विचारलं, "काल सकाळपासून शाळा सुटेपर्यंत कुणी काय काय खाल्लं?"

खिदळणं सुरू झालं. "काल काय मॅडम, काल सोमवार ना! चाय."

"नुसता चहा?"

"मी केळं पण खाल्लंय," मागून एकीने अभिमानाने सांगितलं.

गावचा देव सोमवारचा. त्या दिवशी गावात कुणाकडे मासळी शिजत नाही. मोठ्या मुली आयांबरोबर सोमवार धरतात आणि दहावीच्या तर बोर्डाच्या परीक्षेसाठी हमखास धरतात. दिवसभर चहावर काढायचं आणि संध्याकाळी सोडायचा. आणि त्या रिकाम्या पोटात भर दुपारी लोहाची गोळी!

"पोटात ढवळतां," पुढच्या बाकावरची सांगत होती, तिच्या दोन वेण्यांना घट्ट लाल रिबिनी होत्या. "मला तर वकारीच आली एकदा, वर्गात. सगळी हसली."

"मग फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत गो?"

"फॉर्मात विचारलान कुठे? उपासामुळे गोळी नाकारता का, असा विचारलेला. उपासामुळे नाय नाकारत आमी. औषध चालतां!"

प्रश्न चुकीचा होता, उत्तर शंभर टक्के खरं होतं. इतकी वर्षं हे काम करते, पण माझी अशी जिरवली नव्हती कुणी. मला भारी आनंद झाला.

"पण मग बाईंना तरी सांगायचं. गडग्यात कशाला टाकायच्या?"

सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. मग लाल रिबीनवाली खाली बघत म्हणाली, "बाई आमच्यासमोर घेतात ना. नको बोललो तर त्यांना वाईट वाटेल म्हणून." मग मान वर करून तिने विचारलं, "बाईंना काढणार काय मॅडम?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

शिक्षकखोलीत बसून मी आणि बाईंनी प्रश्न लिहायला घेतला. चारही घरं आता भरली होती. शाळकरी मोठ्या मुलींना आठवड्याची गोळी त्यांचा उपास नसलेल्या वारी, जेवणानंतर दिली, तर ठरलेल्या एकाच वारी देण्याच्या तुलनेत त्या ती अधिक नियमित घेतात का, आणि मळमळ कमी होते का?

बाईंनी वाचलं. "यात शिक्षकांचं काही नाही," त्या म्हणाल्या. "एक ओळ घाल ना, शिक्षकांचा दोष नसताना, अशी."

"नाही घालता येणार, बाई."

"का?"

"प्रश्नातच उत्तर घातलं म्हणून तर मी डॉक्टरांशी भांडले. आता तेच मी करू?" शाळेत असताना त्यांना नाही म्हणायची माझी कधी छाती झाली नव्हती. "उलटं निघालं तर उलटं लिहीन मी. तेही सांगून ठेवते."

बाईंनी प्रश्न पुन्हा एकदा वाचला. बाहेर घंटा झाली. मग त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, आठवीत मारायच्या तशी. "लिही, तसंच लिही. बरोबर आहे तुझं."

पुढचे तीन आठवडे मी दिवसरात्र वाचत होते. मध्येच भीती वाटायची की हे सगळं आपल्याला हवंय म्हणून आपल्याला दिसतंय. म्हणून निवडलेला प्रत्येक अभ्यास डॉक्टरांच्या माणसालाही वेगळा तपासायला लावला. वाराबद्दल थेट पुरावा तोकडा होता आणि मी तो तोकडाच म्हणून लिहिला. पण रिकाम्या पोटी त्रास जास्त होतो आणि त्रास झाला की मुली गोळी सोडतात, हे पुन्हा पुन्हा समोर येत होतं. शिवाय गोळी काही खाल्ल्यावरच द्यायची, हे तर डॉक्टरांच्या कार्यालयाच्याच सूचनापत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं. अहवाल पाठवला तेव्हा माझ्या निष्कर्षांपेक्षा मी पत्रकाचं ते पहिलं पान जास्त ठळक करून जोडलं होतं. तेवढा खवचटपणा मी करते.

डॉक्टरांनी उपासाचे वार बघून शाळांनी आपापला वार ठरवावा, असं पत्र काढलं. बाईंच्या शाळेने बुधवार धरला. पहिल्या बुधवारी मला राहवलं नाही, मी गेलेच. बघते तर डॉक्टरांची गाडीही उभी. डबे खाऊन झाले होते, वर्गात आंब्याच्या लोणच्याचा आणि भाकरीचा वास दरवळत होता. बाईंनी आधी स्वतः गोळी घेतली, मग एकेकीच्या हातावर ठेवली. मुलींनी पाण्याच्या घोटाबरोबर घेतल्या. पाचवा तास सुरू झाला, वीस मिनिटं झाली. कुणाचं काही ढवळलं नाही, बाईंचं पित्तही जागच्या जागी होतं.

डॉक्टरांनी दाराशी येऊन बाईंना खूण केली. "मॅडम, जरा बाहेर येता? तुमच्यासाठी पत्र आणलंय."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, ती नोटीस वर्गात आली होती," त्या म्हणाल्या. "जे काय आणलंत ते वर्गातच वाचा."

डॉक्टरांनी मला अहवालाची पोच दिली होती, नोटिशीबद्दल मात्र चकार शब्द नाही. ते आत आले. मुली उभ्या राहिल्या आणि कुणी बसा म्हणालं नाही म्हणून उभ्याच राहिल्या. डॉक्टरांनी चाचरत सरकारी भाषेतलं ते पत्र वाचलं. उपरोक्त विषयान्वये, सदरहू नोटीस, प्रस्तुत आदेशान्वये मागे घेण्यात येत असून, सदर जबाबदारी आपणाकडेच कायम ठेवण्यात येत आहे.

लाल रिबीनवालीने विचारलं, "म्हणजे काय हो बाई?"

बाईंनी उत्तर द्यायचं सोडून डॉक्टरांकडे बोट दाखवलं. पस्तीस वर्षांत त्या शाळेने हे बघितलं नसेल.

डॉक्टरांनीच कागदाची घडी केली. "म्हणजे चूक तुमच्या बाईंची नव्हती," ते मुलींना म्हणाले. "माझी होती. मी तुम्हाला नीट विचारलंच नव्हतं."

आणि मग जो काय गलका झाला! बाकं वाजली, शेजारचा नववीचा वर्ग खिडकीला येऊन लोंबकळला, मी दारात उभी राहून टाळ्या पिटत होते आणि डॉक्टर लाजून खडूच्या डबीकडे बघत होते. बाई एकदम वळल्या आणि फळ्यावर काहीतरी लिहायला लागल्या. खडू दोनदा मोडला.

"बाई रडतायत!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"रडतंय कोण गो!" बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "गप बसा सगळ्या. वह्या काढा."

एकीनेही वही काढली नाही.